डिस्क कोण उघडणार?

घरातला संगणक जुना झाला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. तो भंगारात जातो, नाहीतर मुलांच्या हाती खेळायला दिला जातो. आमच्याकडे तिसरीच गोष्ट झाली. ज्या विषयाचे नाव घरात कुणी कधी घेतले नव्हते, त्यावर आठवडाभर दस्तरखानावर चर्चा चालली. विषय होता, घरच्या हार्ड डिस्कसाठी फाइल सिस्टीम कोणती निवडायची.

आमचा संगणक विंडोज १० वर चालत होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण ती वर्षभराचीच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीपुढचा लागतो. आमच्या यंत्रात यातले काही नाही, बाकी यंत्र मात्र ठणठणीत आहे. संगणकाचा डिप्लोमा करणारी आमची थोरली लेक म्हणाली, ‘‘टाकून कशाला द्यायचा? लिनक्स मिंट घालू. फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही नीट चालते.’’ मात्र त्यासाठी डिस्क पुसून नव्याने फॉरमॅट करावी लागणार होती. फॉरमॅट करताना संगणक विचारतो, कोणत्या पद्धतीने करू? त्या पद्धतीलाच फाइल सिस्टीम म्हणतात.

एरवी आम्ही ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणून मोकळे झालो असतो. पण या डिस्कवर काय आहे ते आम्हाला माहीत होते. २०२१ मध्ये बकरी ईद २१ जुलैला होती. त्याच रात्री वाशिष्ठीचे पाणी चढू लागले आणि २२ जुलैला चिपळूण बुडाले. आमच्या तळमजल्यावरची कागदांची पेटीही बुडाली. सातबाऱ्याचे जुने उतारे, अब्बांचा शाळेचा दाखला, अम्मींचा निकाहनामा, साठ वर्षांपूर्वीची छायाचित्रे. एकेक कागद सोडवून, पंख्याखाली वाळवून जे वाचले, ते आम्ही स्कॅन करून घेतले. काही कागद त्यानंतरही फार टिकले नाहीत, त्यांचे स्कॅनच आता मूळ प्रत झाले आहेत. त्याच डिस्कवर अम्मींच्या आवाजातल्या चाळीसएक ध्वनिफिती आहेत. लेकीने फोनवर हौसेने करून ठेवलेल्या. माहेरच्या खाडीकाठच्या गोष्टी, सांदणाचे प्रमाण, लग्नातली गाणी, मध्येच कुणाला तरी मारलेली हाक. अम्मी आता हयात नाहीत. त्यामुळे डिस्क पुसायची म्हटल्यावर अब्बा ताठ बसले आणि म्हणाले, ‘‘आधी मला समजावून सांगा, हे आहे तरी काय?’’

अब्बांनी आयुष्यभर किराणा दुकान चालवले, म्हणून लेकीने त्यांना दुकानाच्याच भाषेत सांगितले. ‘‘दादा, डिस्क म्हणजे तुमचे गोदाम. त्यात एकसारखे लहान लहान खण आहेत, अक्षरशः कोट्यवधी. एक छायाचित्र ठेवायचे तर त्याचे तुकडे होऊन ते कितीतरी खणांत जाते. कोणता तुकडा कोणत्या खणात, फाइलचे नाव काय, आकार किती, कधी ठेवली, हे सगळे एका वहीत लिहिलेले असते. ती वही आणि ती लिहिण्याचे नियम म्हणजे फाइल सिस्टीम. वही गेली तर माल गोदामातच असतो, पण कुठे काय आहे ते कळत नाही.’’ अब्बांनी लगेच विचारले, ‘‘आणि वही दुसऱ्या लिपीत असली तर?’’

हा प्रश्न त्यांना का सुचला, ते घरात सगळ्यांना कळले. आमचे चाचा तीस वर्षे कुवेतमध्ये होते. २०२३ च्या पावसाळ्यात तिथेच त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या सामानातून कपडे, चष्मे आणि एक लहान पोर्टेबल डिस्क आली. आमच्या संगणकाला जोडली तर पडद्यावर संदेश आला, की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मदतीला आलेला शेजारचा मुलगा म्हणाला, डिस्क रिकामी दिसते, फॉरमॅट करून वापरायला घ्या. चाची म्हणाल्या, ‘‘त्यांची चीज आहे, आत्ता राहू दे.’’ डिस्क रुमालात बांधून कपाटात गेली. पुढच्या रमजानमध्ये चाचांचा मुलगा दुबईहून आला. त्याच्याकडे मॅक लॅपटॉप होता. त्याला ती डिस्क लावली आणि क्षणात सगळे उघडले.

आत छायाचित्रे होतीच, पण एक हिशेबाची फाइलही होती. कुणाला किती उसने दिले, कुणाकडून किती घेतले, त्यातले किती फिटले. वारसांत वाटणी होण्याआधी मय्यताचे कर्ज फेडायचे असते, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. चाचांवर कुणाचे काही देणे आहे का, हे चाचींना सांगता येत नव्हते आणि त्याची बोच त्यांना आठ महिने होती. त्या फाइलमध्ये दोन देणी निघाली. दोन्ही माणसे भली, शोकाच्या घरात पैसे कसे मागायचे म्हणून गप्प राहिलेली. मुलाने त्याच आठवड्यात दोन्ही फेडली. डिस्कला काहीच झालेले नव्हते. चाचांनी ती मॅकवर, मॅकच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केली होती आणि ती वही विंडोजला वाचता येत नाही. वाचता न आलेल्या वहीला संगणक रिकामी वही समजला, एवढेच. ‘फॉरमॅट’चे बटण तेव्हा दाबले गेले असते, तर पुढचे सांगायला नको.

म्हणून आमच्या घरी चर्चा ‘सर्वांत चांगली फाइल सिस्टीम कोणती’ अशी झाली नाही. ‘ही डिस्क कोण उघडणार, कोणत्या यंत्रावर उघडणार, आणि आपण नसताना उघडणार का’ अशी झाली. लेकीने नावे एकेक करून समोर ठेवली. वाचकांच्या घरीही आज ना उद्या हा प्रश्न येईल, म्हणून ती इथे क्रमाने देतो.

पहिली फॅट३२. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. पेन ड्राइव्ह, टीव्ही, गाडीतला म्युझिक प्लेअर, जवळजवळ सगळी यंत्रे ती वाचतात. तिची अडचण अशी की फाइलचा आकार लिहायला वहीत ठरावीक रुंदीचा रकाना आहे. त्यात ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे सुमारे ४ जीबी, याहून मोठा आकडा मावत नाही. आपांच्या मुलीच्या निकाहची चित्रफीत ९ जीबीची आहे. पेन ड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही ती त्यावर जाईना, याचा उलगडा आम्हाला त्या दिवशी झाला. जागा होती, रकाना लहान होता.

दुसरी एनटीएफएस. ही १९९३ ची, विंडोज एनटीबरोबर आलेली, आणि आजही विंडोजची नेहमीची पद्धत हीच आहे. हिच्यात एक कच्ची वही असते. अब्बांना हे फार आवडले, कारण तेही आधी कच्च्या वहीत टिपून मग पक्क्या वहीत चढवत. खणांतला माल हलवण्याआधी ‘मी हे हे करणार आहे’ अशी नोंद संगणक कच्च्या वहीत करतो. मध्येच वीज गेली तर परत आल्यावर ती नोंद पाहून तो पक्की वही सावरतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. पण लेकीने इथेच सावध केले. कच्ची वही सावरते ती पक्क्या वहीला. ज्या फाइलवर त्या क्षणी काम चालू होते, तिच्यातला मजकूर वाचेलच असे नाही.

तिसरी एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. फॅट३२ ची ४ जीबीची मर्यादा हिला नाही. विंडोज, मॅक आणि आताचे लिनक्स, तिन्हींवर वाचता येते आणि लिहिताही येते. कॅमेऱ्याची ६४ जीबी आणि त्यावरची कार्डे याच पद्धतीची असतात. मात्र हिच्यात कच्ची वही नाही. लिहिणे चालू असताना केबल ओढली, तर वहीच बिघडण्याचा धोका जास्त. शिवाय मोठ्या डिस्कवर विंडोज हिचे खण साधारणपणे १२८ केबीचे करते. दोन केबीची चिठ्ठी ठेवली तरी पूर्ण खण अडतो. चित्रफितींना त्याने फरक पडत नाही, लहान फाइली लाखांनी असतील तर जागा वाया जाते.

चौथी ईएक्सटी४. लिनक्सच्या घरची. हिचा वंश १९९३ च्या ईएक्सटी२ पासूनचा आणि ही २००८ च्या अखेरीस पक्की ठरली. कच्ची वही आहे. लिनक्स मिंट स्वतःहून हीच सुचवते. विंडोज आणि मॅक मात्र आपणहून हिला वाचत नाहीत.

पाचवी बीटीआरएफएस, आणि लेकीचे मन हिच्यावर होते. हीही लिनक्सचीच, २००७ पासून घडत आलेली. हिचा मोठा गुण असा की प्रत्येक मजकुरासोबत ही एक पडताळ्याचा आकडा लिहून ठेवते. पुढे कधीही तो मजकूर वाचताना आकडा पुन्हा काढून ताळा करते. डिस्क जुनी झाली की एखाद्या छायाचित्रातले चार बाइट गुपचूप बदलतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बाकीच्या पद्धती ते बिघडलेले छायाचित्र तसेच हाती देतात. ही सांगते, इथे गडबड आहे.

लेकीचे म्हणणे होते, अम्मींच्या आवाजासाठी हीच हवी. अब्बांनी विचारले, ‘‘गडबड आहे असे सांगेल. दुरुस्त करेल का?’’ लेक खरे बोलली. ‘‘एकच डिस्क असेल तर आपल्या फाइली बहुधा नाही करू शकणार. दुसऱ्या डिस्कवर चांगली प्रत ठेवलेली असेल तर तिथून घेऊन करेल.’’

‘‘म्हणजे शेवटी दुसरी प्रत लागतेच.’’

‘‘लागतेच, दादा.’’

आमच्या घरचा निर्णय इथे झाला. आधी आम्ही सगळे फाइल सिस्टीमकडे पहारेकरी म्हणून पाहत होतो. ती पहारेकरी नाही. डिस्क पडली, चोरीला गेली, पुन्हा पूर आला, चुकून कुणी पुसली, यातल्या कशापासूनही कोणतीच फाइल सिस्टीम वाचवत नाही. त्यासाठी दुसरी प्रत, आणि तीही दुसऱ्या घरात, हाच उपाय. एकदा हे मान्य केले की मग प्रत्येक डिस्कसाठी वेगळा विचार करता येतो.

संगणकाच्या आतल्या डिस्कला आम्ही ईएक्सटी४ दिली. ती डिस्क तिथून हलणार नाही, तिच्यावर लिनक्सच चालणार, आणि काही अडले तर मदत करणारे गावातही सापडतील. एक बारीक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. ईएक्सटी४ एरवी सुमारे ५ टक्के जागा संगणकाच्या व्यवस्थापनासाठी राखून ठेवते. १ टीबीच्या डिस्कवर ती ५० जीबीच्या आसपास होते. जिथे फक्त फाइली साठवायच्या आहेत तिथे ही राखीव जागा कमी करता येते. अब्बांचा आणखी एक जुना संशय या निमित्ताने फिटला. १ टीबीची डिस्क विंडोज ९३१ जीबीची दाखवते, म्हणून दुकानदाराने फसवले असे त्यांना वाटे. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, फरक तेवढाच. माप वेगळे, माल तोच.

घरातल्या घरात फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे निकाहच्या चित्रफिती, मुलांच्या शाळेचे व्हिडिओ, टीव्हीवर लावायचे असे जे काही, एक्सफॅट दिली. दुबईचा पुतण्या आला की त्याच्या मॅकवरून फाइली इकडे-तिकडे करता येतात. या डिस्कवर जे आहे ते दुसरीकडेही आहे, त्यामुळे कच्ची वही नसली तरी चालते. काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ करायचे, एवढा नियम मुलांना घालून दिला आहे.

राहिली ती खरी अमानत. कागदपत्रे, जुनी छायाचित्रे, अम्मींचा आवाज. तिच्यासाठी नवी १ टीबीची डिस्क घेतली आणि ती एनटीएफएस केली. लिनक्स वापरणाऱ्या घराने विंडोजची पद्धत का निवडावी? तर ही डिस्क आमच्याकडे राहणार नाही. ती पुण्याला आपांकडे राहणार आणि आपांकडे विंडोजचा लॅपटॉप आहे. आमच्या लिनक्स मिंटला एनटीएफएस वाचता येते, लिहिताही येते. पुतण्याच्या मॅकला तिच्यावर आपणहून लिहिता येत नाही, पण वाचता येते. जपून ठेवायच्या डिस्कवर परक्या यंत्राला फक्त वाचता आले तरी पुरते. लहान स्कॅन हजारोंनी आहेत, त्यांची जागाही वाया जात नाही, कारण हिचे खण साधारणतः ४ केबीचे असतात. आणि कच्ची वही आहेच.

लेकीची पडताळ्याची इच्छाही वाया गेली नाही. तिने प्रत्येक फाइलचा पडताळ्याचा आकडा काढून साध्या मजकुराची एक यादी केली आणि ती डिस्कवरच ठेवली. शा-२५६ नावाची पद्धत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींमध्ये हा आकडा काढायची सोय मुळातच असते. वर्षातून एकदा आकडे पुन्हा काढून यादीशी ताळा करायचा. एखादी फाइल जुळली नाही तर दुसऱ्या प्रतीवरून चांगली आणायची. जे काम बीटीआरएफएस आपोआप करते, ते आम्ही हाताने करतो, पण त्यासाठी डिस्क एकाच प्रकारच्या यंत्राला बांधून घ्यावी लागली नाही.

डिस्कला पासवर्ड लावायचा का, यावरही बोलणे झाले. आम्ही या डिस्कला लावला नाही. आधार, बँकेची कागदपत्रे असे चोरांच्या उपयोगाचे काही तिच्यावर ठेवलेच नाही. ज्याला पासवर्ड माहीत आहे तोच उद्या नसला तर मागच्यांनी काय करायचे, हा प्रश्न चाचांच्या डिस्कनंतर आमच्या घरात हलका राहिलेला नाही. ज्यांच्या डिस्कवर गुप्त काही आहे त्यांनी पासवर्ड जरूर लावावा, पण तो एका पाकिटात लिहून घरातल्या दुसऱ्या भरवशाच्या माणसाकडे द्यावा.

एवढे ठरल्यावर जुनी डिस्क पुसायची वेळ आली. फॉरमॅट म्हणजे जुनी वही फाडून नवी घालणे. त्याआधी सगळ्याची नकल झाली पाहिजे, आणि ती नकल उघडते हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. अब्बांनी अट घातली की नवी डिस्क आपांच्या लॅपटॉपवर लावायची, आमच्या नाही. त्या शनिवारी आपा लॅपटॉप घेऊन आल्या. दोन स्कॅन उघडले, एक छायाचित्र उघडले. मग अब्बांनी स्वतः बोट ठेवून एक ध्वनिफीत लावायला सांगितली. अम्मी सांदणाचे प्रमाण सांगत होत्या. मध्येच, ‘‘अगं, दूध उतू जातंय बघ,’’ असे ओरडल्या. आपा उठून स्वयंपाकघराकडे पाहू लागल्या. अब्बा शेवटपर्यंत ऐकत बसले. मग लेकीला म्हणाले, ‘‘आता पूस.’’

डिस्कवर आम्ही एक कागदी पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘घरची कागदपत्रे व आवाज. एनटीएफएस. विंडोज आणि लिनक्सवर उघडते, मॅकवर वाचता येते. पासवर्ड नाही. संगणकाने फॉरमॅट करू का विचारले तर नाही म्हणा, घरी फोन करा.’ खाली नकल केल्याचा महिना आणि वर्ष. सगळ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त गोष्ट हीच आणि कदाचित सर्वांत उपयोगी. चाचांच्या डिस्कवर नुसता ‘मॅक’ हा शब्द लिहिलेला असता, तर चाचींचे आठ महिने वाचले असते.

वाचकांनी आपल्या घरी हा विषय काढावा असे वाटते. तंत्राची भीती नको. ही डिस्क कुठे कुठे लावली जाणार, तिच्यावर ४ जीबीहून मोठी फाइल असेल का, लिहिणे चालू असताना वीज जाण्याची भीती किती, आणि आपल्यामागे ती कोण उघडणार, एवढे चार प्रश्न घरातल्या थोरामोठ्यांसमोर आणि मुलांसमोर ठेवले की नाव आपोआप ठरते. निवड कोणतीही झाली तरी दुसरी प्रत करावी आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी.

आपा रमजान ईदला माहेरी येतात तेव्हा डिस्क बरोबर आणतील. वर्षभराचे नवे कागद तिच्यावर चढतील, यादीशी ताळा होईल आणि ती त्यांच्याबरोबर परत पुण्याला जाईल. या ईदला चाचीही चाचांची डिस्क घेऊन येणार आहेत. पुतण्याच्या मॅकवरून तिची नकल आमच्या संगणकावर घेऊन, चाचींसाठी एक एनटीएफएस डिस्क करून द्यायची आहे. पट्टी लेकीने आधीच लिहून ठेवली आहे.